बंधाऱ्यामागून बंधारा: राधानगरी ते खिद्रापूर, सायकलवरून पंचगंगा

पंचगंगेच्या काठाकाठाने जायचं, असं ठरवून निघालेला सायकलवाला बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी उसाच्या फडात अडकतो. मोबाईलच्या नकाशावर नदीला चिकटून एक बारीक रेघ दिसते, आपण खूश होऊन आत वळतो, दोन किलोमीटरवर ती वाट कुणाच्या तरी पाण्याच्या मोटारीपाशी संपते. मागे फिरायला जागा नसते, दोन्ही बाजूंना डोक्यावरून ऊस. मीही असाच अडकलो होतो. वैरणीचा भारा घेऊन येणाऱ्या एका आजोबांनी सायकलकडे, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पावनं, नदी बघायची तर बंधाऱ्याव जावा की. हिकडं कशाला आलासा?"

त्यानंतर मी तसंच करतो. कोल्हापूरच्या नद्यांना सलग काठरस्ता नाही, पण दर काही किलोमीटरवर बंधारा आहे आणि प्रत्येक बंधाऱ्याला दोन्ही बाजूंच्या गावांतून रस्ता येतो. तेव्हा नदीला समांतर जायचा हट्ट सोडायचा. डाव्या काठावरून एका बंधाऱ्याला यायचं, उजव्या काठावर उतरायचं, पुढच्या बंधाऱ्यावरून परत डावीकडे. शिवण घालावी तसं. पाच दिवसांत राधानगरीपासून कृष्णेपर्यंत असं शिवत कसं जायचं, ते खाली सांगतो.

आधी बंधारा समजून घ्या

या बंधाऱ्यांना देशभर 'कोल्हापूर पद्धतीचे बंधारे' म्हणतात, म्हणजे ही आपल्याच घरची गोष्ट. नदीच्या पात्रात ओळीने दगडी किंवा काँक्रीटचे खांब, वर जायला-यायला अरुंद स्लॅब. खांबांना उभ्या खाचा असतात, त्यात फळ्या सोडायच्या. या फळ्यांना म्हणायचं बरगे. जुन्या रीतीत बरग्यांच्या दोन रांगा लावून मधल्या फटीत माती ठासून भरतात, म्हणजे पाणी झिरपत नाही. पाऊस संपला की बरगे घालतात, मृगाच्या आधी काढून घेतात. पावसाळ्यात खांबांमधून आणि वेळ आली तर खांबांवरूनही नदी मोकळी वाहते.

सहलीची वेळ यावरच ठरते. बरगे घातलेले असले की बंधाऱ्यामागे पाणी तुंबून नदी भरलेली दिसते, स्लॅब कोरडा असतो, पलीकडे जाता येतं. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने धरा. ऑक्टोबरात बंधारे नुकतेच पाण्याबाहेर आलेले असतात, स्लॅबवर गाळ आणि शेवाळ. मार्चनंतर ऊन तापतं, दुपारी पश्चिमेचा वारा सुटतो आणि इचलकरंजीच्या खाली पाण्याचा रंग आणि वास बघवत नाही.

जून ते सप्टेंबर हा बेत करूच नका. हा सल्ला भित्रेपणाचा नाही. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर सकाळी उठून आधी हा आकडा विचारतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं. बंधारे तर त्याच्या कितीतरी आधी बुडतात. 'जिल्ह्यातील इतके बंधारे पाण्याखाली' ही आमच्याकडची नेहमीची पावसाळी बातमी. अवकाळी पाऊस झालाच, तर निघण्याआधी तीच बातमी शोधा.

सायकल आणि सामान

गिअरची महागडी सायकल लागत नाही. पण टायर अगदी बारीक नको, ३५ मिलिमीटरच्या पुढचा बरा. रस्ते डांबरीच आहेत, तरी बंधाऱ्याला जाणारा शेवटचा अर्धा-एक किलोमीटर खडीचा किंवा मातीचा असू शकतो. माती काळी. कोरडी असेल तोवर गालिच्यासारखी, ओली झाली की सायकल गिळते. टायरला चिकटते, मडगार्डमध्ये ठासून बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. अशा वेळी जोर लावून पेडल मारू नका, चेन तुटते. उतरा, बांधावरची काटकी घ्या, मडगार्ड आणि टायरच्या मधली माती खरवडून काढा. घाईत पाणी ओतलंत तर ती आणखी चिवट होते. लांबच्या प्रवासाला मी पुढचं मडगार्ड काढूनच ठेवतो.

पंक्चरवाला जवळजवळ प्रत्येक मोठ्या गावात भेटतो, पण त्याच्याकडे साध्या सायकलच्या आणि मोटारसायकलच्या ट्यूब असतात. तुमच्या टायरच्या मापाच्या दोन ट्यूब, पॅच आणि पंप बरोबर हवाच. बांधावर बाभळी आहेत, काटा लागणार हे धरूनच चाला.

पिशव्या कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लावणार असाल तर फुगवू नका. बंधाऱ्याचा स्लॅब अरुंद, कठडा असेलच असं नाही, आणि समोरून दुधाच्या किटल्या लावलेली मोटारसायकल येते. तिच्या किटल्या आणि तुमच्या पिशव्या एकाच उंचीवर असतात, एवढं लक्षात ठेवा.

बंधारा ओलांडायची रीत

काठावर आधी थांबा. पलीकडून कुणी येतंय का बघा, येत असेल तर त्याला येऊ द्या. मग उतरून सायकल हातात धरून चाला. गाववाले गाडीवरून सुसाट जातात, पण त्यांना प्रत्येक खड्डा पाठ असतो. सायकल स्लॅबच्या कडेला ठेवा, स्वतः आतल्या बाजूने चाला. तोल गेला तर सायकल जाऊ दे.

स्लॅबवरून पाणी वाहत असेल तर ओलांडायचं नाही. घोट्याएवढं असलं तरी नाही. एका सप्टेंबरअखेर मी ही चूक केली. पाणी इतकं पातळ होतं की खालचा स्लॅब स्वच्छ दिसत होता. मधल्या खांबापाशी शेवाळावरून पुढचं चाक सरकलं, मी बसलो, एक पिशवी सुटली आणि खाली गेली. आत कोरडे कपडे, गुळाची ढेप आणि पंप होता. पिशवी बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला जाऊन तिथल्या तिथे गोल फिरत राहिली. बराच वेळ. पुढेही जाईना, बुडेनाही. बंधाऱ्याखाली पाणी असं भोवरतं. म्हणून पोहणाऱ्यानेही तिथे उतरू नये.

पहिला दिवस: कोल्हापूर ते राधानगरी, साधारण ५५ किलोमीटर

सकाळी लवकर गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्या आणि रंकाळ्याकडून राधानगरी रस्त्याला लागा. पुईखडीचा चढ संपला की पुढे हळदी, मग परिते. भोगावती, म्हणजे पुढे जिची पंचगंगा होते ती नदी, या रस्त्याच्या आसपासच असते, पण दिसत नाही. ती बघायला हळदीला बंधाऱ्याकडे वळा. पहिली शिवण इथे घाला, परत या.

हंगाम चालू असेल तर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असणार, एकामागे एक दोन जोडलेल्या. त्यांना ओव्हरटेक करू नका. मागून ऊस बाहेर लोंबत असतो आणि वळणावर मागची ट्रॉली आत कापते. अंधारात तर या रस्त्यावर सायकल नकोच, कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. पाचच्या आत मुक्कामाला.

वाटेत धूर आणि गोड वास आला की गुऱ्हाळ आलं म्हणून समजा. आत जाऊन बसा, कुणी नाही म्हणत नाही. मोठ्या काहिलीत रस उकळत असतो, खाली चुलवाणात जाळ घालणारा माणूस, म्हणजे जळव्या, चिपाडं सारत असतो. रस साफ व्हायला त्यात रानभेंडीच्या खोडाचं बुळबुळीत पाणी घालतात, मग मळी वर येते आणि ती काढून टाकतात. पाक कधी उतरवायचा हे गुळव्या ठरवतो. थंड पाण्यात चार थेंब टाकून बोटाने गोळी होते का बघतो. त्याच्याकडे थर्मामीटर मी आजवर पाहिलेला नाही. काकवी मागा, बाटलीत भरून घ्या. सायकलस्वाराच्या खिशात ठेवायला बाजारातल्या कुठल्याही एनर्जी बारपेक्षा गूळ-शेंगदाणे सरस, हे माझं ठाम मत.

राधानगरी गावाच्या वर धरण. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे काम हाती घेतलं. पैसा कमी पडला, काम थांबलं आणि पुरं व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. जलाशयाचं नाव लक्ष्मी तलाव. धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे प्रसिद्ध आहेत. पाणी ठराविक पातळीला आलं की दाबाने ते आपोआप उघडतात, उतरलं की मिटतात, बटण दाबायला माणूस लागत नाही. हिवाळ्यात ते बंदच असतात, पण गावातल्या कुणालाही विचारा, कुठल्या साली कितवा दरवाजा कधी उघडला हे ऐकायला मिळेल.

इथे आणखी एक गोष्ट कळते. या धरणाचं पाणी शेताला जातं ते नदीतून. धरणातून पाणी सोडायचं, ते एकेका बंधाऱ्यामागे अडवायचं आणि शेतकऱ्यांनी मोटारीने उचलायचं. नदी हाच कालवा. काठावर जागोजागी दिसणाऱ्या जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरी, आणि डोंगर चढणाऱ्या पाइपांचा अर्थ हा.

दुसरा दिवस: दाजीपूर, जाऊन-येऊन

सामान राधानगरीला ठेवा आणि रिकाम्या सायकलने फोंडा घाटाच्या रस्त्याने दाजीपूरकडे जा. एका बाजूने पंचवीस-तीस किलोमीटर. रस्ता जलाशयाच्या कडेने वर-खाली होत जातो, जंगल दाट होत जातं. हे गव्यांचं अभयारण्य, १९५८ पासूनचं. सकाळी उशिरा निघा आणि ऊन उतरायच्या आत परत फिरा. संध्याकाळी गवा रस्त्यावर येतो. दिसला तर थांबा, घंटी वाजवू नका, फोटोसाठी पुढे सरकू नका. त्याला वाटेल तेव्हा तो जाईल. अभयारण्यात आत शिरायचं तर आधी वनखात्याच्या नाक्यावर विचारा.

चढ नको असतील तर हा दिवस सरळ गाळा. नदीची कथा त्याने तुटत नाही.

तिसरा दिवस: भोगावतीबरोबर खाली, प्रयागपर्यंत

माझ्या मते सगळ्या सहलीतला हा सर्वांत चांगला दिवस, म्हणून घाई नको. राधानगरीहून येताना मोठ्या रस्त्याने सरळ येऊ नका. शिरगाव, तारळे, राशिवडे, हळदी, कोगे असे बंधारे वाटेत आहेत. प्रत्येक ओलांडलाच पाहिजे असं नाही, तीन केले तरी पुष्कळ. कुठला चालू आहे हे आदल्या गावच्या चहाच्या टपरीवर विचारा. प्रश्न असा विचारा: "बंधाऱ्यावरनं गाडी जाती काय?" 'रस्ता कसा आहे' विचारलंत तर सगळे 'चांगला हाय' म्हणतात. "जाती की" असं उत्तर आलं तर जा. "नगासा जाऊ, लांब पडंल" असं आलं तर लांबचाच रस्ता जवळचा.

इथल्याच बीड गावाजवळ तुळशी नदी भोगावतीला मिळते. पंचगंगेची गणती इथून सुरू करा: कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चार दिसणाऱ्या, पाचवी सरस्वती गुप्त. पाचवी शोधायला जाऊ नका, पण काठावरच्या म्हाताऱ्यांना तिच्याबद्दल विचारा. प्रत्येकाची सरस्वती वेगळ्या ठिकाणी निघते.

पुढे बालिंगा आणि शिंगणापूर. कोल्हापूर शहराच्या नळाला येणारं पाणी वर्षानुवर्षं इथूनच उपसलं गेलं. शिंगणापूरचा बंधारा ओलांडून चिखलीच्या बाजूला जा. प्रयाग चिखलीला भोगावती आणि कासारीचं पाणी एकत्र येतं आणि इथून पुढे नदीचं नाव पंचगंगा. संगम म्हटल्यावर काही भव्य दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. छोटंसं देऊळ, घाट, दोन बाजूंनी येणारं शांत पाणी. खाली बसून बघत राहिलात की थोड्या वेळाने दोन पाण्यांचे रंग वेगळे कळतात.

गावात मात्र घरांच्या भिंती बघा. पुराचं पाणी कुठवर आलं होतं त्या रेघा आहेत, काही ठिकाणी सालासकट. चिखली आणि आंबेवाडी ही महापुरात सगळ्यात आधी रिकामी करावी लागणारी गावं. सायकल भिंतीला टेकवून रेघेशी आपली उंची ताडून बघितली की पातळीचे ते फूट-इंच एकदम अंगावर येतात. मी पाच फूट आठ इंच. हात वर केला तरी रेघ वरच होती.

तिथून आंबेवाडीवरून शिवाजी पूल, पूल ओलांडला की पंचगंगा घाट. मुक्काम कोल्हापुरात, तांबडा-पांढरा ताटात.

चौथा दिवस: कोल्हापूर ते नरसोबाची वाडी, ५५ ते ६० किलोमीटर

पंचगंगेची प्रयागपासून कृष्णेपर्यंतची लांबी सुमारे ८० किलोमीटर. रस्त्याने अंतर बरंच कमी, कारण नदी सपाटीला लागल्यावर नागमोडी झाली आहे. सकाळी आधी कसबा बावड्याला जाऊन राजाराम बंधारा बघून या. वर्तमानपत्रात आयुष्यभर वाचलेलं नाव हिवाळ्यात इतकं गरीब दिसतं की हसू येतं.

मग मागे येऊन उचगाव, वसगडे, पट्टणकोडोली करत इंगळी, आणि रुईच्या बंधाऱ्यावरून पलीकडे. पुणे-बंगळूर महामार्गावर जायचा मोह टाळा, आतले रस्ते सपाट आणि सावलीचे आहेत. इचलकरंजी यंत्रमागांचं गाव. गल्लीत शिरलात की खटखट ऐकू येते. इथून खाली नदीचं रूप बदलतं. पाणी काळपट, उन्हाळ्याकडे जलपर्णी पसरते, काठावर उभं राहवत नाही. हे टाळून पुढे जाता येईल असं वळण मी सांगू शकतो, पण सांगणार नाही. राधानगरीचं पाणी तुम्ही बघून आलात, आता हेही बघा. फक्त हात-पाय धुवायला उतरू नका. प्यायचं पाणी तर कुठल्याच बंधाऱ्यावर भरायचं नाही, घरात मागायचं. कुणी नाही म्हणत नाही, वर चहाला थांबवतात.

टाकवडे, शिरढोण करत कुरुंदवाड आणि तिथून पंचगंगेवरचा पूल ओलांडला की नरसोबाची वाडी. दत्ताच्या पादुकांचं मंदिर कृष्णेच्या घाटावरच आहे. पावसाळ्यात नदी आपणहून गाभाऱ्यात येते आणि पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. तोच दक्षिणद्वार सोहळा. हिवाळ्यात घाटाच्या पायऱ्या खालपर्यंत मोकळ्या असतात. संगमही इथेच, थोडं चालत गेलं की दिसतो. होडीवाल्याला विचारलं तर पाण्यातूनही बघता येतो.

राहायला भक्तनिवास आणि लॉज आहेत, आधार कार्ड जवळ ठेवा. पौर्णिमा आणि दत्तजयंती टाळा, खोली मिळत नाही आणि सायकल ठेवायला जागाही. बासुंदी आणि कवठाची बर्फी मात्र टाळू नका.

कृष्णेत पोहायचं नाही. मगरी आहेत. गावकऱ्यांनी पाहिल्या नाहीत असं एक वर्ष जात नाही.

पाचवा दिवस: खिद्रापूर

सामान वाडीतच ठेवून निघा. कुरुंदवाड, अकिवाट, सैनिक टाकळी, खिद्रापूर. जेमतेम वीस किलोमीटर, चढ नावालाही नाही. सैनिक टाकळी नावाप्रमाणेच, घरटी फौजी. चहाला थांबलात तर एखादे निवृत्त सुभेदार सायकलच्या ब्रेकची तपासणी करूनच सोडतील.

खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकाच्या आसपासचं. पुढे स्वर्गमंडप, छताला मधोमध गोल मोकळी जागा, त्यातून आकाश. खाली तेवढीच गोल शिळा. शंकराचं देऊळ असून समोर नंदी नाही. लोक सांगतात तो पलीकडे कर्नाटकात यडूरला आहे. दुपारी बाराच्या आधी पोचा म्हणजे गोलातून येणारं ऊन खांबांवर पडलेलं सापडेल.

मंदिराच्या मागे दोन मिनिटांवर कृष्णा. पलीकडचा काठ कर्नाटक, जुगूळ गाव. राधानगरीला बघितलेलं पाणी इथवर येतं आणि पुढे जातं.

परतीला दोन पर्याय. पाय चालत असतील तर शिरोळ, जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी असं येत दिवसभरात कोल्हापूर, जयसिंगपूरला भडंगाची पुडी घेऊन. सांगली-कोल्हापूर रस्ता वर्दळीचा आहे, हातकणंगल्यानंतर आतून या. पाय थकले असतील तर वाडीत भाजीचा टेम्पो कोल्हापूरला कधी जातो ते विचारा. वाडीच्या वांग्यांच्या क्रेटवर सायकल आडवी घातली, दोरीने दोन ठिकाणी बांधली की झालं. पेडल वरच्या बाजूला ठेवा, नाहीतर वांग्यांचे पैसे भरावे लागतात.